यंत्राचा हात व माणसाचा कणा

भाईंदर स्टेशनावरून काशिमीऱ्याच्या वाटेला लागलें म्हणजे रस्त्याच्या दोन्ही अंगांस जाहिरातींचे जे मोठमोठे फलक दिसतात, त्यांत अलीकडे एक नवा प्रकार दाखल झाला आहे. पूर्वी तेथें सदनिका, सराफ आणि शिकवणीचे वर्ग ह्यांचें राज्य असे. तें अजूनहि आहे. परंतु त्यांच्या शेजारीं आतां एका पांढऱ्या यंत्राचा लांब हात, त्याच्याजवळ हातांची घडी घालून उभे असलेले हंसतमुख शस्त्रवैद्य, आणि खालीं दुखण्यापासून सुटकेचें आश्वासन, असें चित्र लागूं लागलें आहे. मी ह्या रस्त्यानें आठवड्यांतून पांच दिवस रिक्षानें जातों. रस्त्याला खड्डे आहेत, रिक्षा उडते, आणि कंबरेंतून कळ निघते त्याच क्षणीं तो यंत्राचा हात डोळ्यांसमोर येतो. फलकाची जागा निवडणाराच्या अकलेला दाद दिलीच पाहिजे.

परंतु गेल्या पावसाळ्यांत तो हात आमच्या घरापर्यंत येऊन पोंचला, आणि मग ही थट्टेची गोष्ट राहिली नाहीं.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सर्व अक्का म्हणतों, ती अडुसष्ट वर्षांची आहे. चाळीस वर्षें ती भाईंदरांत राहिली. त्यांतलीं तीस वर्षें चर्चगेटच्या लोकलनें उभ्याउभ्या प्रवास करून तिनें नोकरी केली. दोन वर्षांपासून चालतांना तिच्या पोटऱ्या जड होऊं लागल्या. शंभर पावलें गेली कीं ती एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसे, पुढें वांके, आणि मग पुन्हां उठे. एम्. आर्. आय्. झाला, कंबरेच्या चौथ्या व पांचव्या मणक्यांपाशीं नसांची वाट अरुंद झाली आहे असें निदान झालें. एका रुग्णालयानें शस्त्रक्रियेचें अंदाजपत्रक हातीं दिलें. त्याचें नांव मी सांगत नाहीं, कारण माझी तक्रार एका रुग्णालयाविरुद्ध नाहीं, एका प्रघाताविरुद्ध आहे. त्या अंदाजपत्रकांत चार स्क्रू होते, दोन सळया होत्या, आणि रोबोटच्या नांवाची एक स्वतंत्र ओळ होती, जिच्यापुढील आंकडा लाखाच्या वर होता. रात्रीं भाच्याचा फोन आला. तो म्हणाला, "मामा, रोबोट घ्यायचा कीं हातानेंच करूं द्यायचें? तुम्ही सांगाल तसें करूं."

मी कॉलेजांत तर्कशास्त्र शिकवितों. "तूं चोरी करणें कधीं सोडलेंस?" हा प्रश्न मी दर वर्षीं फळ्यावर लिहितों आणि विद्यार्थ्यांना सांगतों कीं, ज्या प्रश्नाच्या पोटांत एक गृहीत लपवून ठेवलेलें असतें त्याचें उत्तर देण्यापूर्वीं तें गृहीत बाहेर काढावें. असें असून भाच्याच्या प्रश्नावर मीं तीन दिवस रोबोटविषयीं वाचन केलें, किंमतींची तुलना केली, ओळखीच्या दोघां डॉक्टरांना विचारलें, आणि चौथ्या दिवशीं माझ्या ध्यानांत आलें कीं, चार स्क्रू हवेत हें मीं विचार न करतांच मान्य करून टाकलें होतें. यंत्रानें बसवावे कीं हातानें, एवढ्यावरच आम्ही वाद घालीत होतों. ते बसवावे कां, हें आमच्यांपैकीं कोणीहि विचारलें नव्हतें. मला तर विचारण्याची लाज वाटावयास हवी होती.

ह्या लेखाचें प्रतिपाद्य एवढेंच आहे. कण्याच्या शस्त्रक्रियेंतील यंत्र स्क्रू कोठून जावा ह्या प्रश्नाचें उत्तर देतें. स्क्रू जावा कीं जाऊं नये, ह्या प्रश्नाचें उत्तर तें देत नाहीं व देऊं शकत नाहीं. पहिल्या उत्तराचा डंका वाजत असतां दुसरा प्रश्न जर ऐकूं येईनासा होत असेल, तर ह्या यंत्राच्या वाढत्या वापराला प्रगति म्हणण्यास माझी जीभ वळत नाहीं.

प्रथम यंत्राला न्याय देऊं. प्रत्येक मणक्याला मागील बाजूनें हाडाचे दोन आंखूड दांडे असतात. त्यांस पेडिकल म्हणतात. मणका धरून ठेवावयाचा तर स्क्रू ह्या दांड्यांतूनच पुढें न्यावा लागतो. कंबरेच्या अगदीं खालच्या मणक्यांत हा दांडा दीड सेंटिमीटराच्या आसपास रुंद असतो, तर छातीच्या मधल्या मणक्यांत तो कित्येकदां चार-पांच मिलिमीटरच भरतो. त्याच्या आंतल्या अंगाला मज्जारज्जु अथवा नसांचा जुडगा, खालच्या अंगाला बाहेर पडणारी नस, आणि पुढें मोठ्या रक्तवाहिन्या असतात. अशा ठिकाणीं दोन-तीन मिलिमीटरांची चूक म्हणजे एखाद्याचा पाय लुळा पडणें होय. अशा कामांत नेम चुकूं नये म्हणून जें कांहीं साहाय्य मिळेल तें घ्यावें, ह्याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं.

यंत्राची रीति अशी. आधीं सी. टी. स्कॅनवरून संगणकांत प्रत्येक स्क्रूची वाट आंखतात. रुग्ण टेबलावर आला म्हणजे त्याच्या हाडाला एक खुणेची चौकट घट्ट बसवितात, आणि क्ष-किरणांच्या चित्रांवरून नकाशांतला मणका व टेबलावरचा मणका ह्यांची सांगड घालतात. मग यंत्राचा हात ठरल्या कोनांत येऊन एक नळी धरून निश्चल उभा राहतो, आणि त्या नळींतून भोंक पाडण्याचें व स्क्रू पिळण्याचें काम शस्त्रवैद्यच करतात. यंत्र आपण होऊन शस्त्रक्रिया करतें, ही लोकांची समजूत खरी नाहीं. तें सुताराच्या गुण्यासारखें आहे, फार महागाच्या व फार हुषार गुण्यासारखें. आणि गुण्या सरकला तर रेघ वांकडी जाते, हेंहि येथें तितकेंच खरें. खुणेच्या चौकटीला धक्का लागला तर सगळा नकाशाच सरकतो. हाडाच्या उतरत्या पृष्ठावरून हत्यार घसरलें तर यंत्राचा कोन बरोबर असूनहि भोंक भलतीकडे जातें. म्हणूनच ज्याला हातानें स्क्रू बसवितां येतो त्यानेंच यंत्र वापरावें, असें जाणते शस्त्रवैद्य सांगतात.

ह्या विद्येचा इतिहास फार जुना नाहीं. इ. स. १९८५ मध्यें कॅलिफोर्नियांत लाँग बीच येथें कारखान्यांतील एका यांत्रिक हाताच्या मदतीनें मेंदूंतील गांठीचा तुकडा तपासणीसाठीं काढण्यांत आला. शस्त्रक्रियेंत रोबोट शिरला तो तेथून. कण्यासाठीं पहिलें नांवाजलेलें यंत्र इस्रायलांत हैफा येथील टेक्निऑन संस्थेंतील प्राध्यापक मोशे शोहम ह्यांच्या संशोधनांतून निघालें, व त्यास २००४ सालीं अमेरिकेंत परवानगी मिळाली. तें मुठींत मावेल एवढें होतें आणि रुग्णाच्या हाडावरच बसवीत. पुढें टेबलाजवळ उभे राहणारे मोठे हात आले. वापराचें क्षेत्रहि वाढत गेलें. आरंभीं कंबरेचे मणके; मग छातीचे मणके व माकडहाडाच्या वरचें त्रिकास्थि; मग वांकडा कणा सरळ करणें, गांठीनें पोखरलेला मणका सांवरणें, एकदां शस्त्रक्रिया झालेल्या कण्यावर पुन्हां शस्त्रक्रिया करणें, लहान छेदांतून स्क्रू घालणें; आणि आतां मानेच्या मणक्यांकडेहि दृष्टि वळली आहे.

ह्यांतील पुष्कळसा विस्तार मला स्वागतार्ह वाटतो. चौदा वर्षांच्या मुलीचा कणा दोन ठिकाणीं पिळवटलेला असतो, तेव्हां तिच्या मणक्यांचे दांडे बारीक व वळलेले असतात. क्षयानें मणका खचलेल्या माणसाची, उंचावरून पडून कणा मोडलेल्या गवंड्याची, पहिल्या शस्त्रक्रियेनंतर हाडाच्या खुणाच नाहींशा झालेल्या रुग्णाची गोष्ट तशीच. तेथें स्क्रू हवा कीं नको हा प्रश्न बहुधा सुटलेला असतो. उरतो तो नेमाचाच प्रश्न. असा प्रसंग माझ्या घरांत आला तर मी स्वतः असें यंत्र व तें वापरण्यांत मुरलेला हात शोधीत जाईन. यंत्राच्या नांवानें नाक मुरडणाऱ्यांच्या पंक्तीला मला बसावयाचें नाहीं.

आतां नेमाचा हिशेब पाहूं. जर्मनींत ६० रुग्ण व २९८ स्क्रू घेऊन एक तुलना करण्यांत आली, व ती २०१२ सालीं प्रसिद्ध झाली. कोणास यंत्रानें व कोणास हातानें, हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरविलें होतें. हातानें बसविलेल्यांपैकीं शेंकडा ९३ स्क्रू ठीक जागीं होते. यंत्राच्या साहाय्यानें बसविलेल्यांपैकीं शेंकडा ८५. यंत्राच्या गटांतील दहा स्क्रू तर ऐन वेळीं हातानें बसवावे लागले. परंतु तें यंत्र जुन्या पिढींतलें होतें, आणि त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत नव्या यंत्रांचा नेम हाताइतका किंवा हातापेक्षां चांगला ठरला आहे. शस्त्रवैद्यांच्या अंगावर पडणारे क्ष-किरणहि कित्येक ठिकाणीं कमी झालेले आढळतात. हें सर्व मला मान्य आहे. मात्र नेम सुधारला त्या मानानें रुग्णाचें दुखणें कमी झालें, तो अधिक चालूं लागला, असा फरक तितक्या स्पष्टपणें दिसून आलेला नाहीं. ह्याचें कारण उघड आहे. कुशल हातानें बसविलेले बहुतेक स्क्रू मुळांतच ठीक बसतात. आणि नीट बसलेला परंतु अनावश्यक स्क्रू दुखण्याला उपयोगी पडत नाहीं.

अनावश्यक हा शब्द मी तोंडास येईल तसा वापरीत नाहीं. अक्काला जो विकार झाला, म्हणजे वयपरत्वें नसांची वाट अरुंद होणें, त्यावर शस्त्रक्रिया करावयाची तर मूळ उपाय ती वाट मोकळी करणें हा आहे. तेवढ्यावर थांबावें, कीं स्क्रू व सळया घालून मणके एकमेकांस जोडूनहि टाकावे, हा खरा वाद. स्वीडनमध्यें ५० ते ८० वयाच्या २४७ रुग्णांवर ह्याची परीक्षा झाली, व तिचा निकाल २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनंतर पाहिलें तर जोडकाम केलेल्यांची स्थिति न केलेल्यांहून चांगली नव्हती. उलट त्यांची शस्त्रक्रिया लांबली, रक्त अधिक गेलें, रुग्णालयांतील मुक्काम वाढला आणि खर्चहि वाढला. त्याच वेळीं अमेरिकेंतील एका लहानशा अभ्यासांत जोडकामाच्या बाजूनें थोडासा लाभ दिसला, हेंहि सांगितलें पाहिजे. पुढें नॉर्वेंत, एक मणका दुसऱ्यावरून सरकलेल्या २६७ रुग्णांवर परीक्षा झाली. तिच्या २०२१ सालच्या निकालांत, केवळ वाट मोकळी करणें हें जोडकामाच्या तुलनेंत उणें ठरलें नाहीं. मात्र पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागण्याचें प्रमाण त्या गटांत किंचित अधिक होतें. म्हणजे प्रश्न पूर्णपणें मिटलेला आहे असें नाहीं. कांहीं रुग्णांना स्क्रू हवेतच, पुष्कळांना नकोत, आणि कोणाला हवेत हें ठरविणें हीच ह्या विद्येंतील सर्वांत अवघड व सर्वांत मानवी गोष्ट आहे. तेथें यंत्राचा हात पोंचत नाहीं.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, "मग बिघडलें कोठें? शस्त्रवैद्यांनीं ठरवावें आणि यंत्रानें नेम धरावा." पण व्यवहारांत हीं दोन कामें अशीं वेगळीं राहत नाहींत. ज्या इस्रायली कंपनीनें पहिलें यंत्र काढलें, ती २०१८ सालीं अमेरिकेंतील मेडट्रॉनिक कंपनीनें सुमारें १६४ कोटी डॉलरांना विकत घेतली. दुसरें एक प्रसिद्ध यंत्र ग्लोबस नांवाच्या कंपनीचें. त्यास २०१७ सालीं परवानगी मिळाली. ह्या दोन्ही कंपन्या कण्याचे स्क्रू व सळया विकण्याच्या धंद्यांतील आहेत. गुण्या विकणारा व खिळे विकणारा एकच असला म्हणजे तो गुण्या कमी खिळ्यांच्या कामीं लागावा अशी त्याची इच्छा असणार नाहीं. ह्यांत कोणाच्या दुष्टपणाची कल्पना करण्याचें कारण नाहीं. व्यापाराची ती सरळ चाल आहे. रुग्णालयाचीहि गोष्ट तीच. कोट्यवधि रुपयांचें यंत्र घेतलें म्हणजे तें रिकामें बसून चालत नाहीं. त्याची देखभाल, त्याचे दर वेळीं लागणारे सुटे भाग व त्याचे हप्ते कोणी तरी भरावे लागतात. मोडका किंवा पिळवटलेला कणा घेऊन येणारे रुग्ण थोडे. कंबर धरलेले रुग्ण मात्र मीरारोडपासून भाईंदरपर्यंत प्रत्येक इमारतींत आहेत. यंत्राचें पोट भरावयाचें तर तें अखेरीस ह्यांच्याच पाठीवर भरावें लागणार.

रोबोट हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक ह्यांच्या १९२० सालच्या नाटकानें जगांत रूढ केला. चेक भाषेंतील ज्या शब्दावरून तो बनविला त्याचा अर्थ वेठ असा आहे. माणसाची वेठ यंत्रानें करावी ही मूळ कल्पना. यंत्राच्या हप्त्यांची वेठ माणसाच्या कण्यानें करावी, अशी पाळी आतां आपण येऊं देणार आहोंत काय?

ह्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील. ते मला तोंडावर ऐकविलेहि गेले आहेत.

पहिला आक्षेप असा कीं, ही जुन्या माणसांची नेहमींची रड आहे. आगगाडी आली तेव्हांहि लोक असेच ओरडले. ह्याला उत्तर मुंबईच्याच इतिहासांतून देतां येतें. परळच्या के. ई. एम्. रुग्णालयांत डॉ. अतुल गोएल व त्यांचे सहकारी डॉ. लाहेरी ह्यांनीं मानेच्या पहिल्या व दुसऱ्या मणक्यांना पट्टी आणि स्क्रू ह्यांनीं स्थिर करण्याची एक रीति बसविली, व ती १९९४ सालीं प्रसिद्ध केली. पुढें जर्मनींतील हार्म्स ह्यांनीं तिच्यांत भर घातली, आणि आज जगभर ती ह्या दोघांच्या जोडनांवानें ओळखली जाते. महानगरपालिकेच्या रुग्णालयांत, रोबोटाशिवाय, कण्याच्या सर्वांत धोक्याच्या जागीं हें काम झालें. ही गोष्ट मी हाताची थोरवी गाण्यासाठीं सांगत नाहीं. स्क्रू हेंहि एके काळीं नवें यंत्रच होतें, आणि त्याचें त्या रुग्णालयानें स्वागत केलें. परंतु तेथें आधीं विचार झाला तो कोणता सांधा ढिला आहे व रुग्णाचें दुखणें त्यांतून कसें उद्भवतें ह्याचा. हत्यार त्यामागून आलें. विचार पुढें व हत्यार मागें, हा क्रम उलटा होऊं नये एवढेंच माझें मागणें आहे. आगगाडीला माझा विरोध नाहीं. कोठें जावयाचें हें न विचारतां तिकीट हातांत देणाऱ्याला आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, तर्कशास्त्राच्या मास्तरानें शस्त्रक्रियेंत नाक खुपसूं नये. स्क्रू कोणत्या कोनांत घालावा हें मी सांगूं लागलों तर हा आक्षेप रास्त ठरेल. परंतु पाठ रुग्णाची आहे, आणि संमतीच्या कागदावर सही त्याचीच घेतली जाते. सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं समीरा कोहली ह्यांच्या खटल्यांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, उपचार कोणता, त्याला पर्याय कोणते, त्यांत धोका काय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, ह्याची पुरेशी माहिती दिल्यावांचून घेतलेली संमति ही खरी संमति नव्हे. पर्याय समजून घेण्यासाठीं शस्त्रवैद्य असावें लागत नाहीं. पर्याय आहेत हें कोणी सांगावें मात्र लागतें. अक्काच्या कागदावर यंत्रासह व यंत्राविना असे दोन रकाने होते. स्क्रूविना असा तिसरा रकाना नव्हता, आणि तूर्त शस्त्रक्रियेविना असा चौथाहि नव्हता.

तिसरा आक्षेप सर्वांत चतुर आहे. ज्याला परवडतें तो पैसे मोजील. विमा असेल तर विमाकंपनी मोजील. तुमच्या खिशाला चाट कोठें बसते? विमा नियामक प्राधिकरणानें २०१९ सालीं आधुनिक उपचारांच्या यादींत रोबोटिक शस्त्रक्रियेचा समावेश केला, आणि असे उपचार सरसकट वगळण्यास विमाकंपन्यांना मनाई केली. रकमेवर मर्यादा घालण्याची मुभा मात्र ठेवली. हेतु चांगलाच होता. परंतु ह्या मर्यादेच्या पलीकडील रक्कम घरांतूनच जाते, आणि ती बहुधा मुलांच्या शिक्षणाच्या किंवा म्हाताऱ्यांच्या ठेवींतून जाते. माझा भाचा त्या रात्रीं मुदतीची ठेव मोडण्याच्या गोष्टी करीत होता. शिवाय "आईसाठीं चांगल्यांतलें चांगलें कां नको?" हा प्रश्न मुलाच्या वर्मीं लागतो. यंत्राला नकार देणारा मुलगा आपणांस कृपण वाटूं लागतो. मध्यमवर्गाच्या ह्या हळव्या जागेवर जाहिरातीचा नेम यंत्राच्या नेमापेक्षां अचूक बसतो.

आणि ह्या जाहिरातींस आधार तरी काय? वैद्यकीय परिषदेच्या २००२ सालच्या आचारनियमांत डॉक्टरानें, डॉक्टरांच्या गटानें अथवा संस्थेनें प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रीतीनें रुग्ण ओढून आणणें अनैतिक ठरविलें आहे. नियम पुस्तकांत आहे. फलक रस्त्यावर आहे. आणि दोघांची गांठ घालून देण्याची कोणास फारशी निकड दिसत नाहीं.

आमच्या गांवाचा ह्यांत विशेष संबंध आहे. मीठागरें, कोळीवाडे आणि शेतीवाडी ह्यांची ही वस्ती एका पिढींत शहर झाली. २००२ सालीं महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेंत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. मोठें दुखणें आलें कीं मुंबईची गाडी धरावयाची, ही आमच्या पिढीची संवय. आतां अद्ययावत् रुग्णालयें दाराशीं आलीं, हें सुखच आहे. मध्यरात्रीं छातींत कळ आली असतां त्याची किंमत कळते. परंतु ज्या शहराला सार्वजनिक आरोग्यसेवेच्या आधीं जाहिरातींचे फलक लाभतात, तेथें नागरिकांनीं प्रश्न विचारण्यास अधिक लवकर शिकलें पाहिजे.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. जे रुग्णालय रोबोटची जाहिरात करतें, त्यानें आपले आंकडेहि सांगावे: वर्षांत किती जणांच्या कण्यावर यंत्रानें शस्त्रक्रिया झाली, किती जणांना ती नको म्हणून परत पाठविलें, आणि किती जणांवर पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागली. परत पाठविलेल्यांचा आंकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यावरून शस्त्रवैद्यांचा विवेक समजतो. महाराष्ट्रांत शुश्रूषागृहांच्या नियमांत २०२१ सालीं दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद व दर दर्शनी भागीं लावण्याचें बंधन आलें आहे. त्या दरपत्रकांत यंत्राचा दर स्क्रूच्या दरापासून वेगळा दाखवावा. संमतीच्या कागदावर मीं वर सांगितलेले चारहि रकाने असावेत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानें २०१८ सालीं मांडलेल्या सनदेंत दुसऱ्या डॉक्टरांचें मत घेण्याचा हक्क आहे. तो हक्क रुग्णालयानेंच रुग्णाला सांगावा, आणि कागदपत्रें काढून देतांना त्याच्याकडे संशयानें पाहूं नये. आणि सरकारला अशीं यंत्रें घ्यावयाचीं असतील तर तीं आधीं जेथें शिकविणें व मोजणें होतें अशा सार्वजनिक वैद्यकीय महाविद्यालयांत घ्यावीं, म्हणजे तीं कोणाला उपयोगीं पडतात हें विकणाऱ्याकडून न कळतां वापरणाऱ्याकडून कळेल.

अक्काचें पुढें काय झालें, हें वाचक विचारतील. आम्ही तिला परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयांत नेलें. तीन तास रांगेंत बसलों. तेथील डॉक्टरांनीं तिला पुढें व मागें वांकवून क्ष-किरणांचीं चित्रें काढविलीं, आणि मणका सरकत नाहीं असें पाहून सांगितलें, "आजी, आधीं तीन महिने व्यायाम करा. नाहीं भागलें तर वाट मोकळी करूं. स्क्रूचें नंतर पाहूं." व्यायामानें भागलें नाहीं. दिवाळीनंतर तिच्यावर शस्त्रक्रिया झाली; स्क्रू घातले नाहींत. आज ती बाजारांतून भाजी घेऊन कोठें न बसतां घरीं येते. फार वेळ उभी राहिली तर कंबर अजूनहि धरते, आणि पुढें कधीं स्क्रू लागणारच नाहींत असें कोणी लिहून दिलेलें नाहीं. एका अक्कावरून सिद्धांत काढतां येत नाहीं, हें मी वर्गांत शिकवितों. म्हणून स्वीडन व नॉर्वे येथील आंकडे आधीं दिले आणि अक्काला शेवटीं आणलें.

परंतु एक गोष्ट मात्र तिच्यावरूनच शिकलों. परळच्या डॉक्टरांनीं तिला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "आजी, तुम्हांला नक्की काय करतां येत नाहीं?" ती म्हणाली, "बाजारांत जातां येत नाहीं." त्यापूर्वींच्या सगळ्या धांवपळींत तिला हें कोणीं विचारलें नव्हतें, मींसुद्धां नाहीं. आम्ही सर्व तिची चित्रें पाहत होतों. ज्या दिवशीं यंत्राच्या शेजारीं उभा असलेला प्रत्येक शस्त्रवैद्य आधीं हा प्रश्न विचारील व उत्तर ऐकून घेईल, त्या दिवशीं त्या यंत्रानें खुशाल शहरभर पसरावें. मी त्याच्या वाटेंत उभा राहणार नाहीं.